सहजीवनाची सांज आणि स्मृतिभ्रंश

'साठी बुद्धी नाठी' ही म्हण आणि 'म्हातारचळ' हा शब्द आपल्या बोलण्यात इतके रुळले आहेत, की वृद्ध माणसाच्या वागण्यातील गंभीर बदलही घरातील मंडळी हसण्यावारी नेतात. आजोबांनी तोच प्रश्न पाचव्यांदा विचारला, आजीने आमटीत दोनदा मीठ घातले, तर 'आता वय झालं' एवढ्यावर विषय संपतो. घरातील एका व्यक्तीसाठी मात्र तो तेथे संपत नाही. चाळीस-पन्नास वर्षे ज्याच्याबरोबर संसार केला, तो माणूस हळूहळू अनोळखी होत चालल्याची पहिली जाणीव होते ती पतीला किंवा पत्नीला. पुढची सर्वांत मोठी जबाबदारीही बहुधा त्याच व्यक्तीवर येते. स्मृतिभ्रंशाविषयी आपल्याकडे आता थोडेफार बोलले जाते. परंतु स्मृतिभ्रंश झालेल्या जोडीदाराला सांभाळणारे, स्वतःही सत्तरीकडे झुकलेले जे दुसरे माणूस असते, त्याची विचारपूस क्वचितच होते. या आजाराच्या उपचारात त्या दुसऱ्या माणसाचे आरोग्य हाही एक महत्त्वाचा भाग आहे, हे सर्वप्रथम लक्षात घ्यायला हवे.

विस्मरण आणि स्मृतिभ्रंश

वाढत्या वयात नावे पटकन न आठवणे, चष्मा कोठे ठेवला ते विसरणे हे स्वाभाविक आहे. आमटीत मीठ घालायला विसरणे हे विस्मरण झाले. आयुष्यभर केलेली आमटी करताना डाळ आधी शिजवायची की फोडणी आधी द्यायची, हेच न उमगणे हे स्मृतिभ्रंशाचे लक्षण असू शकते. स्मरणशक्ती, विचार, भाषा, दिशांचे भान आणि निर्णयक्षमता यांचा रोजचे व्यवहार अडतील इतका ऱ्हास होणे, याला स्मृतिभ्रंश किंवा डिमेन्शिया म्हणतात. हे एका रोगाचे नाव नसून लक्षणांच्या समूहाचे नाव आहे. त्याचे सर्वाधिक आढळणारे कारण म्हणजे अल्झायमरचा आजार. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ६० ते ७० टक्के रुग्णांमध्ये तो कारणीभूत असतो. मेंदूच्या रक्तवाहिन्यांतील दोष, लेवी बॉडीचा आजार, मेंदूच्या पुढच्या भागाचा ऱ्हास ही इतर प्रमुख कारणे होत.

आपल्या देशातील ज्येष्ठांच्या राष्ट्रव्यापी पाहणीच्या आधारे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, साठीपुढील भारतीयांपैकी सुमारे ७.४ टक्के, म्हणजे अंदाजे ८८ लाख व्यक्तींना स्मृतिभ्रंश आहे. पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये आणि शहरांपेक्षा ग्रामीण भागात हे प्रमाण अधिक आढळले. याचा एक अर्थ असा, की आयुष्यात कधी स्वयंपाकघरात पाऊल न ठेवलेल्या अनेक पुरुषांवर उतारवयात पत्नीची वेणी घालण्याची, तिला भरवण्याची वेळ येते आहे. दुसरीकडे, बँकेची पायरीही न चढलेल्या अनेक स्त्रियांवर पतीचे सारे व्यवहार हाती घेण्याची वेळ येते आहे.

पहिली रुग्ण आणि तिचा पती

या आजाराच्या इतिहासाची सुरुवातच एका दांपत्यापासून होते. १९०१ च्या नोव्हेंबरात जर्मनीतील फ्रँकफुर्ट येथील मनोरुग्णालयात ऑगस्टे डेटर या ५१ वर्षांच्या स्त्रीला दाखल करण्यात आले. तिचे पती कार्ल हे रेल्वेत कारकून होते. तिच्या वागण्यातील पहिला ठळक बदल होता तो पतीविषयीच्या मत्सराचा आणि संशयाचा. विस्मरण, स्वयंपाकातील चुका, घरातल्या घरात गोंधळणे ही लक्षणे त्यापाठोपाठ आली. तेथील डॉक्टर अलॉइस अल्झायमर यांनी तिच्या नोंदी बारकाईने ठेवल्या. १९०६ मध्ये तिचा मृत्यू झाल्यावर तिच्या मेंदूची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी करून त्याच वर्षी ट्युबिंगेन येथील परिषदेत त्यांनी आपले निष्कर्ष मांडले. पुढे १९१० मध्ये एमिल क्रेपेलिन यांनी आपल्या पाठ्यपुस्तकात या आजाराला अल्झायमर यांचे नाव दिले.

सव्वाशे वर्षांपूर्वीचा हा तपशील आजही उपयोगाचा आहे. 'तुम्ही माझे पैसे लपवलेत', 'तुमचं बाहेर काहीतरी चाललंय', 'ही माझी बायको नव्हे, तिच्यासारखी दिसणारी दुसरीच कोणीतरी आहे' असे आरोप ऐकून अनेक पती-पत्नी मनाने कोसळतात. आपल्या साऱ्या सहजीवनाचा हाच निष्कर्ष का, असा प्रश्न त्यांना पडतो. हा संशय मेंदूतील बिघाडातून येतो. सतत जवळ असणाऱ्या माणसावरच तो सर्वाधिक रोखला जातो. तो चारित्र्यावरचा अभिप्राय मानू नये आणि पुरावे देऊन खोडून काढण्याचा प्रयत्नही करू नये.

जोडीदाराची शुश्रूषा वेगळी का?

आई-वडिलांना सांभाळणारी मुले आणि जोडीदाराला सांभाळणारे पती-पत्नी यांच्या स्थितीत मोठा फरक आहे. मुलांना स्वतःचा संसार असतो, वय हाताशी असते. येथे शुश्रूषा करणाऱ्यालाच मधुमेह, रक्तदाब किंवा गुडघेदुखी असते. रुग्णाला उचलणे, न्हाऊ घालणे, रात्री तीन-तीनदा उठणे हे सारे त्याच थकलेल्या देहाने करावे लागते. त्यातच सल्ला घ्यायचा, कुरकुर करायची, जुन्या गोष्टी आठवून हसायचे, ते हक्काचे माणूसच आता दुरावलेले असते. लग्नातला एखादा प्रसंग, पहिल्या बिऱ्हाडाचा पत्ता, मुलाच्या बारशाला कोण कोण आले होते, हे सांगणारा दुसरा साक्षीदार उरत नाही.

अमेरिकेतील अभ्यासक पॉलिन बॉस यांनी अशा दुःखाला 'संदिग्ध वियोग' या अर्थाची संज्ञा दिली आणि १९९९ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. माणूस देहाने समोर असतो, परंतु मनाने उपस्थित नसतो. त्यामुळे शोक करावा की आशा धरावी, हेच कळत नाही. आपल्याकडे मृत्यूनंतर दहावे-तेरावे असते, भेटीला येणारे असतात, रडायला मोकळीक असते. या वियोगाला असा कोणताही विधी नाही. उलट 'निदान ते आहेत ना' असे म्हणून लोक गप्प बसवतात.

दांपत्यजीवनातील जवळीकही बदलते. काही रुग्ण शरीरसंबंधांबाबत पूर्ण उदासीन होतात, तर काहींचा संयम सुटतो. ज्याला आपण न्हाऊ-माखू घालतो त्याच्याविषयी पूर्वीची भावना न उरणे, याची अनेकांना लाज वाटते. ही अत्यंत सामान्य बाब आहे. डॉक्टरांशी ती संकोच न ठेवता बोलावी. जोडीदार ओळखत नसेल, घाबरत असेल, तर त्याच्या नकाराचा मान राखायलाच हवा.

संवादाची नवी रीत

संध्याकाळ झाली की 'मला घरी जायचंय' असा हट्ट अनेक रुग्ण धरतात, आणि तोही स्वतःच्याच घरात बसून. 'हेच तर घर आहे' असे दहा वेळा सांगून उपयोग होत नाही. त्यांना अभिप्रेत असलेले घर कदाचित बालपणीचे असते, किंवा त्यांना केवळ सुरक्षित वाटायचे असते. 'जाऊ या, आधी चहा घेऊ' असे म्हणून मन दुसरीकडे वळवावे. त्या घराविषयी विचारावे, अंगणात काय होते ते बोलते करावे. दिवस मावळताना अशी अस्वस्थता वाढते, म्हणून त्या सुमारास घरातील दिवे लवकर लावावेत आणि पाहुण्यांची गर्दी टाळावी.

चाळीस वर्षांपूर्वी वारलेल्या आईची चौकशी पत्नीने केली, तर दर वेळी 'ती गेली' असे सांगणे म्हणजे तिला दर वेळी नव्याने तो आघात देणे होय. 'आईची आठवण येते आहे का?' असे विचारून आईविषयी बोलू द्यावे. एका वेळी एकच गोष्ट, लहान वाक्यात, समोर बसून, नजरेला नजर देऊन सांगावी. 'कोणती साडी नेसतेस?' असे विचारण्यापेक्षा दोन साड्या समोर धरून 'ही की ही?' असे विचारावे. 'आठवतंय का?' हा प्रश्न तर शक्यतो टाळावाच, कारण त्याला परीक्षेचा वास येतो. नाव घेऊन हाक मारल्यावर जी व्यक्ती ओ देत नाही, ती पुष्कळदा 'अहो' किंवा 'अगं' या सवयीच्या हाकेला वळून पाहते. शब्द गेल्यानंतरही आवाजाचा सूर आणि हाताचा स्पर्श बराच काळ समजतो.

दिनक्रम आणि घराची रचना

ठरलेला दिनक्रम हा रुग्णाचा मोठा आधार असतो. उठणे, चहा, स्नान, जेवण, फेरफटका या गोष्टी रोज त्याच क्रमाने, त्याच वेळी व्हाव्यात. रुग्णाकडून सारी कामे काढून घेणे हा प्रेमाचा भाग वाटला, तरी त्याने ऱ्हास वेगाने होतो. शेंगा सोलणे, मेथी निवडणे, वाती वळणे, कपड्यांच्या घड्या घालणे, झाडांना पाणी देणे ही कामे हातांच्या जुन्या सवयीने होतात. घडी वाकडी पडली तरी ती पुन्हा त्यांच्यादेखत नीट करू नये. अभंग, नाट्यगीते, रेडिओवरची जुनी गाणी यांची स्मृती पुष्कळदा शेवटपर्यंत टिकते. त्यांचा उपयोग स्नानासारख्या कटकटीच्या वेळी जरूर करावा.

घराची थोडी फेररचना आवश्यक असते. न्हाणीघरात न घसरणारी रबरी चटई व धरायला दांडा हवा. संडासाच्या दारावर ठळक चित्र लावावे आणि रात्री वाटेवर मंद दिवा ठेवावा. गॅसचा रेग्युलेटर काम झाल्यावर बंद करावा. औषधे, फिनेल, चाकू कुलपात ठेवावेत. आरशातील प्रतिबिंब पाहून रुग्ण घाबरत असेल, तर आरसा झाकावा. नाडीऐवजी इलॅस्टिकचा पायजमा, हुकांऐवजी पुढून उघडणारा गाऊन अशा साध्या बदलांनी रोजचा अर्धा झगडा कमी होतो. ताटात चार वाट्या मांडल्या की गोंधळ उडतो, म्हणून एका वेळी एकच पदार्थ द्यावा. गिळताना ठसका लागू लागला तर डॉक्टरांना दाखवावे, कारण अन्न श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो.

घराबाहेर निघून जाण्याचा धोका बहुतेक रुग्णांच्या बाबतीत कधी ना कधी उद्भवतो. खिशात आणि कपड्याच्या आतल्या बाजूस नाव व दूरध्वनी क्रमांक शिवून ठेवावा. अलीकडचे छायाचित्र हाताशी असावे. शेजारी, पहारेकरी, कोपऱ्यावरचा वाणी, रिक्षाथांब्यावरचे चालक यांना आजाराची कल्पना द्यावी. आजार लपवून ठेवणाऱ्या घराला ही मदत मिळत नाही. माणूस सापडत नसेल तर वाट न पाहता ११२ क्रमांकावर पोलिसांना कळवावे.

औषधोपचार : अपेक्षा किती ठेवावी?

निदानापूर्वी थायरॉइडची कमतरता, ब-१२ जीवनसत्त्वाचा अभाव, नैराश्य, मेंदूभोवती साचलेले रक्त, काही औषधांचे दुष्परिणाम या कारणांची तपासणी झालीच पाहिजे. यांपैकी काही कारणे उपचाराने दूर होऊ शकतात. अल्झायमरमध्ये डोनेपेझिल, रिव्हास्टिग्मिन, गॅलँटामिन आणि मेमँटिन ही औषधे काही काळ लक्षणे आटोक्यात ठेवतात, पण आजार थांबवत नाहीत. मेंदूतील अमायलॉइड हे प्रथिन काढून टाकणारी लेकॅनेमॅब व डोनानेमॅब ही नवी औषधे २०२३ व २०२४ मध्ये अमेरिकेत संमत झाली. ती केवळ सुरुवातीच्या टप्प्यासाठी आहेत. त्यांचा लाभ मर्यादित असून मेंदूत सूज किंवा रक्तस्राव होण्याचा धोका असल्याने वारंवार तपासण्या कराव्या लागतात.

रुग्ण आक्रमक झाला की त्याला 'शांत करणारे' औषध मागण्याकडे घरच्यांचा कल असतो. मनोविकारांवरील अशा औषधांनी स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांमध्ये मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ मध्येच दिला होता. ती अनिवार्य असतील तेव्हाच, कमी मात्रेत आणि थोड्या काळासाठी घ्यावीत. वागण्यात एक-दोन दिवसांत अचानक बिघाड झाला, तर मूत्रमार्गाचा संसर्ग, बद्धकोष्ठता, कोठेतरी दुखणे ही कारणे आधी तपासावीत. दुखते आहे हे रुग्णाला सांगता येत नाही, म्हणून तो ओरडतो.

कागदपत्रे वेळेत

आपल्याकडे 'कुलमुखत्यारपत्र करून ठेवले आहे' असे म्हणून लोक निश्चिंत होतात. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २०१ नुसार, ते देणाऱ्या व्यक्तीची बुद्धी विकल झाली की मुखत्याराचा अधिकार संपुष्टात येतो. म्हणजे ज्या दिवसासाठी ते केले, त्याच दिवशी ते निरुपयोगी ठरते. मृत्युपत्र करणारी व्यक्तीही भारतीय वारसा कायदा, १९२५ नुसार ते करताना सुबुद्ध असावी लागते. म्हणून निदान होताच, रुग्णाला समजते आहे तोवर, त्याच्या संमतीने मृत्युपत्र, नामनिर्देशन, दोघांपैकी कोणालाही व्यवहार करता येईल असे संयुक्त खाते, विम्याची व निवृत्तिवेतनाची कागदपत्रे मार्गी लावावीत. मृत्युपत्राच्या वेळी डॉक्टरांचे क्षमतेचे प्रमाणपत्र जोडणे हितावह असते. उशीर झाल्यास पालकत्वासाठी न्यायालयात जावे लागते. असे अर्ज उच्च न्यायालयांनी आपल्या विशेषाधिकारात मान्य केले आहेत, परंतु त्यात वेळ आणि पैसा जातो. मुंबईच्या कामगार चळवळीतून पुढे आलेले नेते जॉर्ज फर्नांडिस यांना अल्झायमर झाल्यावर त्यांना कोणी सांभाळावे, हा कुटुंबातील वाद २०१० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत पोहोचला होता. आपल्या शुश्रूषेविषयीची इच्छा रुग्णाने स्वतःच लिहून ठेवणे किती आवश्यक आहे, हे त्यावरून ध्यानात यावे. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ मध्ये अशी आगाऊ सूचना लिहिण्याची व प्रतिनिधी नेमण्याची तरतूद आहे.

शुश्रूषा करणाऱ्याची शुश्रूषा

अमेरिकेत १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, आजारी जोडीदाराला सांभाळताना मानसिक ताण सहन करणाऱ्या वृद्धांमध्ये चार वर्षांतील मृत्यूचे प्रमाण, शुश्रूषेची जबाबदारी नसलेल्यांच्या तुलनेत ६३ टक्क्यांनी अधिक आढळले. तो अभ्यास केवळ स्मृतिभ्रंशापुरता नव्हता, तरी त्याचा इशारा स्पष्ट आहे. रुग्णाआधी शुश्रूषा करणारेच माणूस कोसळले, तर दोघांचीही आबाळ होते.

मदतीचा उपयोग होतो, याचेही पुरावे आहेत. न्यूयॉर्क विद्यापीठात मेरी मिटलमन यांच्या चमूने ४०६ पती-पत्नींवर केलेला अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. शुश्रूषा करणाऱ्या जोडीदाराला सहा समुपदेशन बैठका, आधारगट आणि गरजेनुसार दूरध्वनीवर सल्ला एवढेच देण्यात आले. त्या सहापैकी चार बैठका मुले-नातेवाईक यांना सोबत घेऊन झाल्या. परिणामी रुग्णांना संस्थेत ठेवण्याची वेळ सरासरी ५५७ दिवसांनी, म्हणजे सुमारे दीड वर्षाने लांबली. आपल्या शेजारच्या गोव्यातही असा प्रयोग झाला. डॉ. अमित डायस व त्यांच्या सहकाऱ्यांनी ८१ कुटुंबांच्या साहाय्याने केलेला हा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात प्रशिक्षण दिलेले स्थानिक कार्यकर्ते घरी जाऊन माहिती, सल्ला आणि धीर देत होते. सहा महिन्यांत शुश्रूषा करणाऱ्यांच्या मानसिक आरोग्यात लक्षणीय सुधारणा दिसली. महागडी यंत्रे किंवा मोठी रुग्णालये यांपैकी काहीही त्यासाठी लागले नाही.

यातून घरच्यांनी घ्यायचा बोध सरळ आहे. 'काही लागलं तर सांगा' असे म्हणण्याने सांभाळणाऱ्याला मदत होत नाही, कारण ते सांगायलाही त्याला उसंत नसते. 'दर गुरुवारी दुपारी दोन ते सहा मी येऊन बसेन' असे सांगितले तर होते. परगावी किंवा परदेशी असलेल्या मुलांनी रात्रीच्या मदतनीसाचा खर्च उचलावा, औषधे व बिले यांची जबाबदारी घ्यावी, आणि वर्षातून काही आठवडे स्वतः येऊन आईला किंवा बाबांना पूर्ण सुट्टी द्यावी. दूरध्वनीवर 'बाबा कसे आहेत?' असे विचारल्यानंतर 'आणि तू कशी आहेस?' हेही विचारावे.

सांभाळणाऱ्यानेही स्वतःच्या तपासण्या व औषधे चुकवू नयेत. झोप मोडत असेल तर आठवड्यातील दोन रात्री तरी दुसऱ्या कोणाला जागायला सांगावे. भजनी मंडळ, ज्येष्ठ नागरिक संघ, सकाळचा फेरफटका यांतील एक तरी गोष्ट चालू ठेवावी. कधी संताप अनावर होतो, 'हे एकदाचं संपू दे' असा विचारही मनात डोकावतो. असा विचार येणारे आपण एकटे नाही. हात उगारला जाईल असे वाटले, तर रुग्ण सुरक्षित असल्याची खात्री करून खोलीबाहेर यावे, आणि त्याच दिवशी कोणाशी तरी बोलावे.

सतत पडणे, रात्रभर जागणे, मारहाण, किंवा सांभाळणाऱ्याचेच गंभीर आजारपण अशा वेळी दिवसपाळीचे केंद्र अथवा निवासी संस्था यांचा विचार करावा लागतो. 'लोक काय म्हणतील' या भीतीने तो टाळला जातो. सर्वच वृद्धाश्रम स्मृतिभ्रंशाचे रुग्ण घेत नाहीत, म्हणून चौकशी आधीच करून ठेवावी. तेथे पडण्यापासून बचाव, औषधे आणि रात्रीची देखरेख यांची सोय काय आहे, ते प्रत्यक्ष पाहावे. शुश्रूषेचे कष्ट दुसऱ्यावर सोपवून रोज तासभर हातात हात घेऊन बसणारा पती, किंवा पत्नी, जोडीदाराला टाकून देत नसतो.

मदत कोठे मिळेल?

निदानासाठी मेंदूविकारतज्ज्ञ, मनोविकारतज्ज्ञ किंवा मोठ्या रुग्णालयांतील मेमरी क्लिनिक यांच्याकडे जावे. ज्येष्ठ नागरिकांसाठीची राष्ट्रीय मदतवाहिनी १४५६७ या क्रमांकावर, तर मानसिक आरोग्यासाठीची 'टेलिमानस' सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य उपलब्ध आहे. १९९२ मध्ये स्थापन झालेली 'अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया' ही संस्था शाखांमार्फत रुग्णांना व कुटुंबीयांना मार्गदर्शन करते.

निदानानंतर रुग्ण सरासरी चार ते आठ वर्षे जगतो, काही जण त्याहूनही बरेच अधिक. एवढा दीर्घ पल्ला एकट्याने गाठायचा नसतो. म्हणून निदानाच्या पहिल्या महिन्यातच घरातील सर्वांनी एकत्र बसावे आणि कोण काय करणार, हे कागदावर लिहावे. त्या कागदावर रुग्णाच्या औषधांच्या वेळा असतीलच. त्याखाली, त्याला सांभाळणाऱ्या जोडीदाराच्या विश्रांतीच्या वेळाही तितक्याच स्पष्टपणे लिहिलेल्या असाव्यात.